ठंडी काच आणि अकोटचे पारखी

हल्ली आमच्या अमरावतीच्या दुकानात, म्हणजे आता माझ्या मुलाच्या दुकानात, गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आधी विचारतं, "अँटीग्लेअर आहे ना?" मुलगा हो म्हणतो. काच तिरपी धरून तिच्यावरची हिरवट झाक दाखवतो. गिऱ्हाईक मान डोलावतं. ती झाक कशाची, हे विचारत कोणीच नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला असतो. मला कोणी विचारलं तर सांगेन.

आताची ही काच चांगली आहे. उगाच जुन्याचं कौतुक मी करत नाही. काचेच्या दोन्ही अंगांना एक बारीक कातडी चढवलेली असते. साध्या काचेवरून जो उजेड उसळून मागे जातो, तो या कातडीमुळे आत येतो. त्यामुळे दिसतं जास्त, आणि समोरच्या माणसाला आपल्या चष्म्यात ट्यूबलाइट न दिसता आपले डोळे दिसतात. खोटही आहे. बोटाचा तेलकट ठसा तिच्यावर लगेच उठून दिसतो. धुळीसकट पुसली की ओरखडे येतात. आणि आमच्या वऱ्हाडातल्या वैशाखात चष्मा गाडीत काचेपाशी ठेवून गेलात, की कातडीला भेगा पडतात, जशा तळ्याच्या गाळाला पडतात. ही खोट मुलगा मला गिऱ्हाइकासमोर बोलू देत नाही. म्हणून इथे लिहिली.

आमच्या वेळी ही कातडी नव्हती. आमची होती ती ठंडी काच. या दोन वस्तूंचं काम एक समजू नका. आताची काच उजेड आत घेते, आमची उजेड गाळायची. गाळलं की काहीतरी खाली राहणारच. काय राहतं ते मला उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं ते सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. लेखणीपेक्षा चाक बरं फिरवतो. तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

धंदा शिकलो अमरावतीलाच, करीमभाई उस्तादांच्या हाताखाली. तेव्हा काच घासून नंबर काढायचा. लोखंडी ताटलीसारखं चाक, त्यावर ओली घासणीची पूड, आणि काच बोटांनी दाबून धरायची. शेवटी लाल पूड लावून चमक आणायची. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं लाल व्हायची. लग्नानंतर बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा रंगारी बरा, तो निदान हात धुतो.

उस्तादांचा एक नेम होता. नंबर काढण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारायचे, काम काय करता. मला सांगायचे, "पहले काम पूछ, फिर काच काट. आँख सबकी एक है, काम सबका अलग है." सोनाराला चष्मा वेगळा लागतो, कीर्तनकाराला वेगळा. मीही हा नेम पाळला. अकोटच्या देविदासभाऊंचा चष्मा केला तेव्हाही पाळला, आणि तरी फसलो. हेच मला आजवर सलत आलं आहे.

पुढे अकोल्याला मी स्वतःचं पहिलं दुकान टाकलं, जुन्या कापूस बाजाराच्या वाटेवर. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतली ही गोष्ट. मुंबईचा एक व्यापारी मला रंगीत काचेच्या चकत्या पाठवायचा. त्यातली एक मधाच्या रंगाची, फिकी पिवळी. रंग वरून लावलेला नसायचा, काच ओततानाच आत मुरवलेला. डोळ्यावर लावली की दुपारच्या उन्हाचा चटका एकदम उतरायचा. कागदावर अक्षर ठसठशीत दिसायचं. लोकांनीच तिला ठंडी काच नाव दिलं. अकोल्यात ती पहिल्यांदा मी आणली. मी आणली असं दुसरा कोणी म्हणत असेल तर त्यानं मला येऊन भेटावं.

तिचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे. रिद्धपूरचे एक महानुभाव बुवा यायचे, पोथ्यांच्या नकला करायचे. कोरा कागद उन्हात डोळ्यात घुसतो म्हणून ओसरीतून आत, आतून आणखी आत, असे अंधाराकडे सरकत गेले होते. मी ठंडी काच दिली. महिन्यानं आले तेव्हा म्हणाले, "पुन्हा ओसरीत बसून राह्यलो बाप्पा." एक वकीलसाहेब होते. त्यांना नंबर नव्हता, त्रासही नव्हता. साक्षीदाराला आपले डोळे दिसू नयेत एवढ्यासाठी त्यांना सगळ्यात गडद काच पाहिजे होती. मी म्हटलं, यानं तुमाले कागद दिसनार नाई. ते म्हणाले, कागद मले पाठ हाय. दिली.

आता देविदासभाऊ. अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे पारखी होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कास्तकार, म्हणजे शेतकरी, बैलांच्या बंडीत भरून कापूस आणतो. जिनवाला शेठ तो घेतो. पण हा कापूस पांढरा शुभ्र आहे, की पावसानं भिजून पिवळट पडलेला, की कीड लागलेली कवडी, हे ठरवायला मध्ये एक माणूस लागतो. तो बंडीवर चढतो, कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर कापूस काढून उन्हात धरतो, दोन बोटांनी धागा ओढून पाहतो, आणि एक शब्द बोलतो. त्या शब्दावर भाव ठरतो. देविदासभाऊंनी शब्द उच्चारला की कास्तकारही वाद घालत नसे आणि शेठही. वीस-बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पगार शेठचा, पण अकोटात लोक म्हणायचे, पारखीभाऊ कापसाचा नोकर आहे.

असा माणूस माझ्याकडे आला, पन्नाशीचा, डोळ्यांत पाणी घेऊन. मी नेमाप्रमाणे काम विचारलं.

"कापूस पाह्यतो," ते म्हणाले. "भर उन्हात पाह्यतो. पांढऱ्यावर ऊन पडते आन् डोयात सुया टोचल्यासारखं होते. दुपारनंतर डोयाच उघडत नाई."

"सावलीत कावून नाई पाह्यत?"

"सावलीत कापूस खोटं बोलते. आन् दिवे लागल्यावर तर मी हातच लावत नाई. कंदिलाच्या उजेडात साराच कापूस पांढरा दिसते. हे आमच्या धंद्याचं आहे, चष्मेवाले."

हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि माझं डोकं मात्र उन्हावर अडकलं होतं. ऊन टोचतं ना, मग उन्हावर औषध माझ्याकडे आहे. जवळचा थोडा नंबर निघाला, तो ठंड्या काचेत घासून दिला. अशी काच मध्ये जाड असते, म्हणून रंगही मध्येच जास्त बसतो. म्हणजे जिथून ते कापूस बघणार तिथे पिवळी झाक सगळ्यात दाट. दुकानाबाहेर उन्हात उभं करून छापील कागद वाचायला दिला. त्यांनी घडाघडा वाचला. चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांचं काम झालं.

त्या वर्षी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि वेचणीला आलेला कापूस भिजला. भिजलेला कापूस वाळल्यावर पिवळट पडतो. बाजारात चांगला आणि भिजका दोन्ही येऊ लागले. पारख्याची खरी गरज अशाच वर्षी असते. देविदासभाऊंनी काही बंड्या पांढऱ्या म्हणून पास केल्या. जिनात कापूस ओतला तेव्हा शेजारच्या ढिगाच्या बाजूला तो सगळ्यांना हळद लागल्यासारखा दिसला. एकदा झालं, शेठनं सोडून दिलं. पुन्हा झालं. त्यातल्या दोन बंड्या देविदासभाऊंच्या बहिणीच्या सासरगावच्या होत्या. मग बाजारात बोलणं सुरू झालं, की पारख्यानं सोयऱ्याकडून काही घेतलं.

ते एसटीनं अकोल्याला आले. दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. त्यांनी चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला.

"चष्मेवाले, मले खरं सांगा. मी कोणाचं काई खाल्लं नाई. मंग मले पिवया कापूस पांढरा कसा दिसला? मायी नजर गेली, का ह्या काचेत काई आहे?"

मी त्यांची नजर तपासली. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचली. तेव्हाच मला थांबायला पाहिजे होतं. घडीभर बसून विचार करायला पाहिजे होता. पण दुकान भरलेलं, सगळे ऐकत होते, आणि माझ्या काचेत खोट आहे असं कोणी माझ्याच दुकानात विचारावं, हे मला सहन झालं नाही.

"काचेत काई नाई," मी म्हटलं. "हीच काच पन्नास लोकाईले दिली. वाचता येते म्हंजे नजर असते असं नाई. रंगाची पारख वयानं जाते. तुमचा डोया आता पारखीचा राह्यला नाई, देविदासभाऊ."

हे मी कुठे शिकलो नव्हतो. त्या घटकेला तोंडात आलं ते बोललो, आणि अशा ठामपणे बोललो की मलाच खरं वाटलं.

त्यांनी चष्मा उचलून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणाले, "ठीक आहे. म्हंजे इमान नाई गेलं, डोया गेला." चष्मा पुन्हा लावला आणि गेले. अकोटला जाऊन त्यांनी शेठच्या ओट्यावर चारचौघांत सांगितलं की अकोल्याच्या चष्मेवाल्यानं तपासलं, माझा डोळा गेला आहे, आजपासून मी कापूस पाहणार नाही. शेठनं नवा पारखी ठेवला. देविदासभाऊ आपल्या चार एकर वावरात जाऊन बसले. ही हकीकत मला एका गिऱ्हाइकानं सांगितली, तेव्हा मी म्हणालो, शहाणा माणूस आहे, वेळेवर उठला.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका गिऱ्हाइकाचा ठंडा चष्मा तयार झाला होता, तो मी घरी आणला होता आणि फ्रेम नीट बसते का पाहायला स्वतः लावून अंगणात बसलो होतो. बायको माझं धोतर धूत होती.

"ह्या हळदीच्या डागाचं काय करू?" ती म्हणाली. "तीनदा साबन लावला."

"कुठं आहे डाग?"

"डोये फुटले का तुमचे? हा काय, तळहाताएवढा."

तिनं धोतर माझ्यासमोर धरलं. मला पांढरं धोतर दिसत होतं. मी चष्मा काढला. डाग होता, चांगला तळहाताएवढा. चष्मा लावला, डाग गेला. काढला, आला. बायको माझ्याकडे बघत राहिली.

गादीवाल्याकडून दोन मुठी कापूस आणला, एक चांगला, एक पिवळट. दारात, उन्हात, पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवला. नुसत्या डोळ्यांनी दूध आणि ताक एवढा फरक. चष्म्यातून दोन्ही सारखे. मग देविदासभाऊंचं कंदिलाचं वाक्य आठवलं. कंदिलाचा उजेड पिवळा, माझी काचही पिवळी. जी चूक तो माणूस बावीस वर्षं टाळत आला होता, ती मी भर दुपारी त्याच्या नाकावर बांधून दिली होती.

दुसऱ्या दिवशी एसटी धरून अकोटला जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. आधी म्हटलं, लग्नसराई आहे, दुकान सोडता येत नाही. मग म्हटलं, हंगाम सुरू झाला की जाऊ, तेव्हा त्यांना सांगून उपयोग. हंगाम आला, गेला. ठंडी काच देणं मी बंद केलं नाही. फक्त कापूसवाले, कापडवाले, रंगारी, सोनार यांना देईनासा झालो. का, ते कोणाला सांगितलं नाही. एका चुकीची माफी मागायला मला दोन हंगाम लागले. हट्टी माणसाचं सगळ्यात जास्त आयुष्य असंच जातं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेलो. देविदासभाऊ ओसरीत सुतळी वळत बसले होते. नाकावर माझाच चष्मा. वहिनींनी पाणी दिलं. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. धोतर, डाग, कापूस. पिशवीतून दोन मुठी काढून त्यांच्यासमोर ठेवल्या.

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्यांनी चष्मा काढला, कापूस उचलला, पायरीवर जाऊन उन्हात धरला. मग माझ्या दोन मुठींतून बोटांनी तीन भाग केले.

"हे दोन नाई, तीन आहेत," ते म्हणाले. "तुमच्या चांगल्यात थोडी फरदड मिसळली हाय." फरदड म्हणजे वेचणी संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा येणारा हलका कापूस. आणि ते हसायला लागले. आत वळून म्हणाले, "ऐकलं का वं? मायी नजर गेली नोती. दोन वर्सं फुकट आंधया होऊन राह्यलो."

वहिनी दारात आल्या. त्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊ, नजरेचं जाऊ द्या. लोक यायले चोर म्हनते. डोया गेला हे बहाना आहे म्हनते. तुमी बाजारात चाला आन् हे चार लोकाईत सांगा."

"चालतो," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. देविदासभाऊंना घेऊन निघालो आणि रस्त्यानं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं: देविदासभाऊंचा डोळा चांगला, इमान चांगलं, खोट माझ्या काचेत होती.

ओट्यावर शेठ होते, नवा पारखी होता, दोन-तीन अडत्ये होते. शेठ म्हणाले, "या चष्मेवाले. आज इकडे कसे?" मी तोंड उघडलं आणि पाहिलं, तिथल्या दोघांच्या नाकावर माझी ठंडी काच होती. एकानं ती हौसेनं काढून शेजाऱ्याला दाखवली की हे याच दुकानचं. माझं सगळं नाव त्या ओट्यावर बसलं होतं.

"देविदासभाऊंची नजर जरा फिरली होती," मी म्हटलं. "नंबर बदलला होता. आता बरोबर आहे. डोया चांगला आहे."

एवढंच बोललो. काच हा शब्दच तोंडातून निघाला नाही.

एक अडत्या म्हणाला, "म्हंजे दोन वर्सांआधी गेलेला डोया वापस आला? कोनत्या देवाले नवस केला, देविदासभाऊ?"

दुसरा म्हणाला, "डोया जाते, डोया येते बाप्पा. खाल्लेलं वापस येत नाई."

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं, नजर आली ते. पन आता मानूस ठेवलेला आहे." आणि बंडीकडे वळले. देविदासभाऊ माझ्याकडे पाहत होते. मी थोडं थांबलो असतो, तर अजूनही सांगता आलं असतं. ते वाट पाहत होते हे मला कळत होतं. मी म्हटलं, चला, एसटीची वेळ झाली.

ते स्टँडपर्यंत सोबत आले. तिथे ते म्हणाले, "तुमी घरी जे बोलले, तेच तिथं बोलाचं होतं."

"पुढच्या बाजारी येतो. साफ सांगतो."

"आता नका येऊ. आधी डोया गेला म्हनले, आज आला म्हनले. तिसऱ्यांदा कोन ऐकनार? तुमी माया बाजूनं पैसे घेऊन बोलता म्हनतीन."

गाडी लागली. गर्दी होती. देविदासभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत सीटवर टाकला, माझ्यासाठी जागा धरली. मी आत जाऊन बसलो, दुपट्टा खिडकीतून परत दिला. त्यांनी तो झटकला, खांद्यावर टाकला आणि गेले.

मी त्यांना साध्या पांढऱ्या काचेचा चष्मा करून पाठवला. कंडक्टरनं पोचवला म्हणून सांगितलं. त्यांचा निरोप आला नाही. मीही पुन्हा अकोटला गेलो नाही. जायचं काम पडलं की दुसऱ्याला पाठवायचो.

काही वर्षांनी अकोटचं एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या कानामागे दांडी वाकवता वाकवता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडे देविदासभाऊ होते, कापसाचे पारखी. कसे आहेत?"

"कोन, ज्यानं सोयऱ्याचं खाल्लं होतं तो?" तो म्हणाला. "वारला ना तो. पोयाचा सन झाल्यावर चार दिवसांनी."

माझ्या हातात त्याचा चष्मा होता. दुकानात आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी मला अडवणारं कोणी नव्हतं. मी विचारलं, "कान दुखते का इथं?" तो म्हणाला, नाई. मी दुसरी दांडी वाकवली.

संपादकांनी मला धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं होतं. गमतीचे आहेत, पुष्कळ आहेत. पण हा एक लिहिल्याशिवाय बाकीचे लिहिण्याचा मला हक्क नाही असं वाटलं. त्या ओट्यावर बसणारे आता कोणी उरले नसतील. त्यांची मुलं-नातवंडं अकोटात असतील, आणि त्यांच्या कानावरही तीच गोष्ट गेली असेल. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. देविदासभाऊंनी कोणाकडून काही घेतलं नव्हतं. त्यांचा डोळाही गेला नव्हता. काच पिवळी होती, ती मी दिली होती, आणि ओट्यावर उभा राहिलो तेव्हा मला ते माहीत होतं.